प्रवाशांच्या डेटावरून गोष्टीत गुंफलेली आयटिनररी कशी बांधावी?

प्रश्न थोडक्यात असा: तीनेकशे प्रवाशांची जुनी बुकिंग, ॲपमधले क्लिक आणि नोंदणीच्या वेळी भरून घेतलेला फॉर्म एवढा डेटा हाताशी आहे. त्यावरून प्रत्येकाला त्याच्या आवडीची, एका गोष्टीत गुंफलेली सहल द्यायची आहे. सगळा डेटा भाषा-मॉडेलला (मजकूर लिहिणाऱ्या एआयला) देऊन पाहिला. मजकूर छान येतो, पण आयटिनररी, म्हणजे सहलीच्या दिवसवार आखण्या, आतून एकसारख्याच निघतात आणि लोक दुसऱ्या दिवसापासून त्या बघतही नाहीत. तर कुठला अल्गोरिदम वापरावा, क्लस्टरिंग (सारख्या प्रवाशांचे आपोआप गट पाडणं) करावं का, आणि गोष्ट प्रवाशाला आधीच सांगून टाकावी का?

अल्गोरिदमचा मुद्दा नंतर घेतो, कारण अडचण तिथे असेल असं वाटत नाही. तुमच्या वर्णनावरून दिसतं ते असं की थांबे आधी ठरतात आणि गोष्ट मागाहून त्यांच्यावर चढवली जाते. शहरातली तीच दहा प्रसिद्ध ठिकाणं, आणि वर ‘राजवाड्यांचं रहस्य’ असं शीर्षक. हा नुसता रंगाचा हात झाला. गोष्ट खरी असेल तर तिच्यामुळे काही प्रसिद्ध ठिकाणं यादीतून गळायला हवीत आणि एखादी कोणी न बघितलेली जागा आत यायला हवी.

तपासून बघायचं असेल तर तयार आयटिनररीतले थांबे पत्त्यांसारखे पिसा आणि मजकूर पुन्हा वाचा. क्रम बदलूनही काहीच बिघडलं नाही, तर तिथे गोष्ट नव्हती. मग दोन प्रवाशांच्या आयटिनररींवरची नावं झाका आणि त्या दोघांना ओळखणाऱ्या सहकाऱ्याला विचारा, कुठली कोणाची. सांगता आलं नाही, तर डेटा वापरलाच गेलेला नाही. या दोन्ही गोष्टींना मिळून अर्धा तास लागतो आणि त्यातून नेमकं कुठे काम करायचं ते कळतं.

आता डेटा. त्यातून मी आधी मर्यादा काढतो, आवड नंतर. सलग किती चालता येतं, जिने चालतात का, सकाळी किती वाजता बाहेर पडता येतं, सोबत कोण आहे आणि कोणत्या वयाचं, परतीची गाडी किंवा विमान कधी. या सहा-सात गोष्टी चुकल्या तर कितीही सुंदर गोष्ट पहिल्या दुपारी कोसळते. मर्यादा ही हो-नाही स्वरूपाची असते, तिला गुण देऊन इतर गोष्टींबरोबर तोलायचं नसतं. ‘गुडघेदुखी’ला वजा दोन गुण दिले, की एखाद्या फार आवडत्या जागेचे अधिक पाच गुण तिच्यावर मात करतात आणि आजी दोनशे पायऱ्यांच्या खाली उभ्या राहतात.

आवड काढताना जुन्या बुकिंगवर फार विसंबू नका. बुकिंगमधून सुट्ट्या, बजेट आणि सोबत दिसते, रस क्वचितच. समुद्रकिनाऱ्याची तीन बुकिंग म्हणजे समुद्राची आवड असेलच असं नाही, कदाचित मुलं लहान होती. शिवाय पैसे भरणारा एक आणि प्रवास करणारे चार, हे तर नेहमीचंच. क्लिकमधून कुतूहल दिसतं, पण लोक महागड्या हॉटेलांचे फोटो नुसते गंमत म्हणूनही बघतात. जीपीएसही घेत असाल, तर त्यातल्या थांबण्याच्या वेळेचं तेच. एका जागी पन्नास मिनिटं म्हणजे रस, की रांग, की पाऊस? उंच इमारतींमध्ये तर जीपीएस काही दहा मीटरने सहज चुकतं, म्हणजे माणूस संग्रहालयात होता की समोरच्या कॅफेत, हेही नक्की नाही. फोटोंवरून अंदाज बांधाल, तर जिथे फोटो काढायला बंदी आहे ती ठिकाणं डेटात दिसणारच नाहीत.

म्हणून फॉर्म बदला. ‘तुमच्या आवडी निवडा: इतिहास, निसर्ग, साहस’ या प्रश्नाला लोक तिन्हीवर खूण करतात आणि तुमच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी चार प्रश्न पुरतात. मागच्या प्रवासातला कोणता एक तास पुन्हा मिळाला तर आवडेल? कुठून लवकर निघावंसं वाटलं? घरी असताना कोणत्या विषयावर कोणी न सांगता वाचता किंवा बघता? सोबतच्यांपैकी सगळ्यात आधी कोण दमतं? दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाची उत्तरं सगळ्यात उपयोगी पडतात. नावड माणसं नेमकी सांगतात, आवड मोघम.

प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी लिहा: ती कुठून आली (स्वतः सांगितलं, वागण्यातून दिसलं, की आपण अंदाज केला), कधी आली, आणि किती खात्रीची आहे. दोन नोंदींत विरोध आला तर स्वतः सांगितलेलं वरचढ. अंदाजाने काढलेली गोष्ट मर्यादा म्हणून कधीच वापरायची नाही. जुन्या नोंदींचं वजन मी दर दीड वर्षाने अर्धं करतो. हा आकडा अनुभवाचा आहे. लहान मुलं असलेल्या कुटुंबांसाठी तो वर्षाचा ठेवलेला बरा, कारण चार वर्षांचं आणि सहा वर्षांचं मूल ही प्रवासात दोन वेगळी माणसं असतात.

प्रवाशाच्या डेटावर लोक महिने घालवतात आणि ठिकाणांचा डेटा मात्र ब्रोशरमधून उचलतात. गोष्टीची सहल फसते ती बहुतेक इथे. प्रत्येक ठिकाणाची नोंद हाताने करावी लागते. आठवड्याची सुट्टी: पॅरिसमध्ये लूव्र मंगळवारी बंद, तर ओर्से संग्रहालय सोमवारी, म्हणजे एकाच शहरातही एक नियम लावता येत नाही. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या किती आधी, वेळ आधी ठरवावी लागते का, पायऱ्या किती, छताखाली की उघड्यावर. याशिवाय गोष्टीसाठी तीन रकाने हवेत. या जागेचा कोणत्या घटनेशी आणि सालाशी संबंध आहे? आज तिथे उभं राहून डोळ्यांना नेमकं काय दिसतं? आणि ही माहिती पक्की आहे, वादग्रस्त आहे, की दंतकथा?

उदाहरण घेऊ, म्हणजे हे रकाने कशासाठी ते दिसेल. लंडनसाठी ‘इतिहास’ हा विषय झाला, गोष्ट नाही. ‘या शहराने आपल्या नदीची घाण कशी आवरली?’ हा प्रश्न झाला, आणि प्रश्नाला पुढे सरकायला जागा असते. सोहोमधल्या ब्रॉडविक स्ट्रीटवर पाण्याच्या जुन्या हातपंपाची प्रतिकृती आहे. तिथे 1854 च्या कॉलऱ्याच्या साथीत डॉक्टर जॉन स्नो यांनी त्या पंपाच्या पाण्यावर संशय घेतला. वेस्टमिन्स्टरला 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी इतकी वाढली, की संसदेचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये (ब्लीचिंग पावडरमध्ये) भिजवून टांगावे लागले. मग अभियंते जोसेफ बॅझलजेट यांनी उभारलेली सांडपाण्याची व्यवस्था. तिचं क्रॉसनेस पंपिंग स्टेशन 1865 मध्ये सुरू झालं आणि व्हिक्टोरिया एम्बँकमेंट, म्हणजे नदीकाठी भर घालून बांधलेला रस्ता, 1870 मध्ये खुलं झालं. एम्बँकमेंट स्टेशनजवळच्या बागेत यॉर्क वॉटरगेट नावाची सतराव्या शतकातली कमान आहे. ती नदीत उतरण्याचा दरवाजा होती, आणि आज पाणी तिच्यापासून शंभर मीटरहून जास्त लांब आहे. नदी मागे ढकलली गेली हे तिथे सांगावं लागत नाही, दिसतं. ‘डोळ्यांना काय दिसतं’ हा रकाना याचसाठी.

याच साखळीत दंतकथेचा सापळाही आहे. पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली, असं सर्रास लिहिलं जातं. प्रत्यक्षात तोवर साथ ओसरायला लागली होती, हे स्नो यांनी स्वतःच नोंदवलं होतं. जागेपुढे ‘लोकप्रिय समज वेगळा, वस्तुस्थिती वेगळी’ अशी खूण असेल तर हीच गोष्ट जास्त रंजक होते. नसेल, तर एखादा डॉक्टर प्रवासी तुम्हाला तिथेच दुरुस्त करेल आणि मग पुढच्या कुठल्याच ओळीवर विश्वास ठेवणार नाही.

वैयक्तिकपणा इथून पुढे येतो. ज्याला वैद्यकात रस आहे त्याची सुरुवात ब्रॉडविक स्ट्रीटवर आणि कळस दांड्याच्या त्या प्रश्नावर. यंत्रांत रमणाऱ्याचा कळस क्रॉसनेसची वाफेची इंजिनं. पण ते मध्य शहरापासून बरंच पूर्वेला आहे आणि ठराविक दिवशीच उघडतं, म्हणून त्याच्या सहलीच्या तारखा त्या दिवसाभोवती फिरवाव्या लागतात. नऊ वर्षांच्या मुलासोबतच्या कुटुंबाला वॉटरगेटपासून सुरू करा, ‘नदी कुठे गेली?’ एवढाच प्रश्न देऊन. गोष्ट एकच, माहितीचा साठा एकच. बदललं काय, तर कोणत्या दारातून आत शिरायचं आणि कळस कुठे येतो.

थांबे निवडायला मी साधं सूत्र वापरतो. आवड शून्य ते पाच, गोष्टीतली गरज शून्य ते पाच, दमणूक शून्य ते पाच. पहिल्या दोघांचा गुणाकार, त्यातून तिसरी वजा. बेरजेऐवजी गुणाकार अशासाठी, की गोष्टीत ज्या जागेची गरज शून्य ती कितीही प्रसिद्ध असली तरी आपोआप गळते. प्रवाशाला ती बघायचीच असेल तर त्यासाठी गोष्टीबाहेरची एक मोकळी दुपार द्या, ओढूनताणून दुवा जोडू नका. अर्थ सारखाच असलेल्या दोन जागा निवडल्या गेल्या तर दुसरीची गरज निम्मी करा, नाहीतर सलग तीन चर्च येतात.

गट असेल तर सरासरी काढू नका. चौघांपैकी तिघांना नऊ आणि एकाला दोन, म्हणजे सरासरी सव्वासात, कागदावर उत्तम. पण तो एक जण कंटाळून बसला की बाकी तिघांचीही दुपार जाते. दिवसातला सगळ्यात कमी समाधानी माणूस किती समाधानी आहे ते बघा आणि तो आकडा वर आणा. रोज प्रत्येकाला निदान एक थांबा ‘आपला’ वाटला पाहिजे.

क्रमासाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. ठराविक वेळेत जास्तीत जास्त गुण मिळवून देणारा मार्ग शोधणं याला ऑपरेशन्स रिसर्चमध्ये ओरिएंटियरिंग प्रॉब्लेम म्हणतात, आणि तो मोठ्या प्रमाणात खरोखर अवघड आहे. पण एका दिवसात सात थांबे असले तर शक्य क्रम 5,040 आणि आठ असले तर 40,320. संगणक सगळे तपासून टाकतो, आणि सात थांब्यांचा दिवस मुळात चुकीचाच आहे. खरा पेच वेगळा: गोष्टीचा क्रम एक सांगतो आणि नकाशा दुसरा. माझा नियम असा, की दिवसाच्या आत नकाशाचं ऐकायचं, दिवसादिवसांमध्ये गोष्टीचं. गोष्टीच्या क्रमासाठी दिवसात वीस-पंचवीस मिनिटांपर्यंतचा जादा प्रवास चालतो, त्यापुढे नाही. त्याहून लांब जात असेल तर कालक्रम सोडा. शेवटापासून मागे जाणारी गोष्टही तितकीच चांगली लागते, फक्त मजकूर तसा लिहावा लागतो.

चढ-उतार कुठे ठेवायचे? आगमनाच्या दिवशी प्रश्न फक्त टाकायचा, एका सोप्या थांब्यावर. कळस एकूण कालावधीच्या साधारण दोन तृतीयांशावर. आणि शेवटचा अर्धा दिवस जपा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना एकदा 14 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 60 सेकंद हात ठेवायला लावला, आणि एकदा तेच 60 सेकंद अधिक आणखी 30 सेकंद, ज्यात पाण्याचं तापमान हळूहळू 15 अंशांपर्यंत वाढवलं. पुन्हा कुठलं कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला, म्हणजे एकूण जास्त त्रासाचा पर्याय निवडला, कारण त्याचा शेवट सुसह्य होता. प्रयोगशाळेतली गोष्ट सहलीला जशीच्या तशी लागू करू नये. तरी शेवटचे तीन तास हॉटेलच्या लॉबीत सामान घेऊन बसवणारी आयटिनररी बाकीच्या दिवसांवर पाणी ओतते, एवढं नक्की. एक लहानसा, सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत नेणारा थांबा शेवटासाठी राखून ठेवा.

वेळेचे आकडे जवळपास सगळेच कमी धरतात. नकाशावरचा चालण्याचा वेळ एकट्या, वाट माहीत असलेल्या माणसाचा असतो. कुटुंबासाठी त्याला 1.4 ने गुणा, वृद्ध सोबत असतील तर दुप्पट धरा. चढ असेल तर 1892 चा नेस्मिथचा नियम अजून कामाला येतो: ताशी 5 किलोमीटर, वर दर 600 मीटर चढाईला एक तास जादा. दिवसाच्या जागेपणीच्या वेळेपैकी साठ-पासष्ट टक्क्यांहून जास्त भरू नका. दिवसाला तीन मुख्य थांबे आणि दोन ऐच्छिक. संग्रहालयात दीड-दोन तासांपुढे नजर मंदावते; या थकव्यावर बेंजामिन गिलमन यांनी 1916 मध्येच लिहून ठेवलंय, आणि तरी आपण दुपारी जेवणानंतर दुसरं संग्रहालय लावतोच.

पावसाचा किंवा अचानक बंद झालेल्या जागेचा पर्याय सगळेच ठेवतात. तो वेळ भरून काढतो, पण दुवा तुटतो. प्रत्येक मुख्य थांब्याला वीस मिनिटांच्या अंतरात असा पर्याय हवा जो गोष्टीत तेच काम करेल: सुरुवात असेल तर सुरुवातीचं, वळण असेल तर वळणाचं. असा पर्याय नसेल, तर त्या थांब्याचा मजकूर दुसरीकडे बसून वाचता येईल असा लिहून ठेवा.

भाषा-मॉडेलचं काम इथे, म्हणजे सगळं ठरल्यावर सुरू होतं. त्याला फक्त निवडलेल्या थांब्यांच्या नोंदी द्या, आणि नोंदीत नसलेलं नाव, साल किंवा आकडा लिहायचा नाही अशी अट घाला. अट पाळली जाईलच असं नाही, म्हणून मजकुरातली सगळी सालं आणि विशेषनामं छोट्या प्रोग्रामने नोंदींशी ताडून बघा; जुळलं नाही ते माणसाकडे पाठवा. उघडण्याच्या वेळा मॉडेलला कधीही विचारू नका. तो आत्मविश्वासाने चुकीच्या सांगतो, आणि सारख्या नावाच्या दोन जागांची सरमिसळही करतो. थांब्यामागे साठ ते नव्वद शब्द पुरे. उन्हात उभा राहून फोनवर तीनशे शब्द कोणी वाचत नाही.

गोपनीयतेबद्दल थोडक्यात, पण हे टाळू नका. 2013 च्या एका अभ्यासात सुमारे 15 लाख लोकांच्या मोबाइल-नोंदींवरून दिसलं, की वेळ आणि ठिकाण सांगणारे चार बिंदू मिळाले तर 95 टक्के माणसं वेगळी ओळखता येतात. म्हणजे नाव काढलं की डेटा निनावी झाला, हे खरं नाही. कच्चा जीपीएस महिनाभरात पुसा आणि त्यातून काढलेला चालण्याचा वेग तेवढा ठेवा. युरोपीय संघातल्या लोकांना सेवा देत असाल तर 25 मे 2018 पासून लागू असलेल्या जीडीपीआर या डेटा-संरक्षण कायद्यात आरोग्य, धर्म, लैंगिक कल यांचा डेटा विशेष संरक्षित आहे. जेवणाच्या पसंतीवरून किंवा प्रार्थनास्थळांच्या क्लिकवरून धर्म ओळखणं म्हणजे नकळत तसाच डेटा तयार करणं. इतर देशांत नियम वेगळे असतील, पण ही सवय कुठेही नकोच. मजकुरातही ‘तुम्ही या फोटोवर बराच वेळ थांबलात, म्हणून…’ असं लिहू नका, लोक दचकतात. ‘तुम्ही फॉर्ममध्ये जुन्या यंत्रांबद्दल लिहिलं होतं, म्हणून हा थांबा’ हे मात्र त्यांना आवडतं, आणि चूक असेल तर ते लगेच सांगतात.

आता क्लस्टरिंग. तीनशे माणसांवर, वीस-पंचवीस रकान्यांसह के-मीन्स (गट पाडण्याची नेहमीची पद्धत) चालवलंत तर गट नेहमीच मिळतील. ते खरे आहेत का हा प्रश्न. वेगवेगळ्या सुरुवातींनी दहा वेळा चालवा. दर वेळी माणसं गट बदलत असतील तर ते गट विसरा. एवढ्या डेटासाठी हाताने बांधलेले सहा-आठ गोष्टींचे सांगाडे आणि वरच्या नियमांनी त्यांत केलेला बदल जास्त चांगलं काम देतो. काही हजार पूर्ण झालेल्या सहली जमल्या, की सूत्रातली वजनं डेटावरून शिकवता येतील. आणि हे सगळं स्वतःहून फिरणाऱ्या प्रवाशांना धरून सांगतोय. सोबत गाईड असेल तर थांब्यांची नोंद गाईडला द्या, तयार मजकूर नको. तो पाठ म्हणायला लागतो.

सहल जमली का हे ताऱ्यांवरून कळत नाही, बहुतेक जण चार-पाच देऊन मोकळे होतात. कोणता थांबा गाळला आणि कुठे उशीर झाला हे मोजा. एखादा थांबा एक तृतीयांशाहून जास्त लोक गाळत असतील तर आधी वेळ तपासा, मग अंतर, मग गोष्ट. या क्रमाने, कारण दोष बहुतेकदा पहिल्या दोघांत सापडतो. तीन-चार आठवड्यांनी एकच प्रश्न पाठवा: ‘या सहलीबद्दल कोणाला सांगताना सुरुवात कुठून करता?’ उत्तरात तुमचा प्रश्न किंवा कळस आला तर गोष्ट पोचली. हॉटेलचा नाश्ता आला तर नाही.

शेवटचा प्रश्न, गोष्ट आधी सांगावी का? प्रश्न सांगा, उत्तर नको. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी पाच-सहा ओळी पुरतात, म्हणजे लोक वाटेत आपापसांत अंदाज बांधतात. वेळा, पत्ते, चालण्याचं अंतर हे मात्र सगळं आधीच आणि एका पानावर द्या, त्यात काहीही गुपित ठेवायचं नाही. प्रत्येक थांब्याचा मजकूर तिथे पोचल्यावर उघडू द्या, पण आधी वाचायचं बटणही ठेवा: सोबत लहान मूल किंवा चिंता करणारं माणूस असलं की पुढे काय आहे हे माहीत असणं ही त्यांची गरज असते. आणि हे सगळं नेटवर्कशिवाय उघडलं पाहिजे.